पियानोवर बसून आलुबुखार विकणारा

शनिवार, मेक्सिको सिटी

भारतातून क्यूबातल्या हवानाला सरळ विमान नाही. माद्रिद, इस्तंबूल, पनामा, मेक्सिको सिटी, कुठून तरी वळसा पडतोच. मी मेक्सिकोचा वळसा घेतला, कारण माझा मावसभाऊ, दादा, तिथे नोकरीला आहे आणि त्याला स्पॅनिश येतं. शिवाय अमेरिकेचा चालू व्हिसा हातात असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आणि ज्याच्या मागावर मी निघाले होते त्या माणसाच्या गाण्याची सुरुवात याच शहरात झाली होती. शेवटही इथलाच.

त्याचं कागदोपत्री नाव इग्नासिओ हासिंतो विया फेर्नांदेस. क्यूबाचा पियानोवादक आणि गायक. जग त्याला बोला दे निएवे म्हणून ओळखतं. म्हणजे बर्फाचा गोळा. काळाभोर वर्ण, गोल चेहरा, आणि त्यावर हे नाव. चेष्टेतून आलेलं, हे सांगायला नकोच. नाव कुणी पाडलं याच्या गोष्टी अनेक आहेत, पण नाटकगृहाच्या फलकावर ते पहिल्यांदा लावलं ते गायिका रीता मोंतानेरनं, असं बहुतेक सांगतात. त्याला ते आधी मुळीच आवडलं नव्हतं. पुढे जन्मभर तेच चिकटलं.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारच्या 'ला लेय देल देसेओ' या १९८७ च्या सिनेमामुळे. सिनेमा संपतो, नावं वर सरकू लागतात आणि एक घोगरा, फाटका, वयस्कर आवाज पियानोच्या साथीनं काहीतरी विनवायला लागतो. मी सुगम संगीताच्या क्लासला बरीच वर्षं काढलेली बाई. आमच्या बाईंनी असल्या आवाजाला पहिल्याच दिवशी खर्ज लावायला बसवलं असतं. तरी मी ते गाणं पुन्हापुन्हा लावत राहिले.

दादाला तेच गाणं विमानतळावरून घरी जाताना गाडीत ऐकवलं. तो तबला शिकलेला, सुराला पक्का, आणि मतं त्याहून पक्की. अर्ध्यावर म्हणाला, "अगं, हा गातोय कुठे? बोलतोय नुसता." हा वाद पुढे सगळा प्रवास आमच्याबरोबर फिरला.

दुपारी एहे सेंत्राल या मोठ्या रस्त्यावर गेलो. या रस्त्याच्या मध्यवस्तीतल्या भागाला पूर्वी सान हुआन दे लेत्रान म्हणत. त्याच्या आसपास पोलितेआमा नावाचं थिएटर होतं. आगुस्तीन लारासारखा संगीतकार तिथे गाजला. आता थिएटर नाही. मोबाइलची कव्हरं, चार्जर, टाको आणि अखंड हॉर्न. दादा म्हणाला, "बघ, एवढ्यासाठी तू जेट लॅग घेतलास." मी बघतच होते. कारण १९३३ मध्ये इथेच कुठेतरी बावीस वर्षांचा एक पोरगा रीता मोंतानेरच्या गाण्याला पियानोवर साथ करायला बसायचा. रीता तेव्हा क्यूबाची सर्वांत मोठी गायिका होती. 'एल मानिसेरो' हे शेंगदाणेवाल्याचं गाणं तिनं १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. अशी बाई एका रात्री गाऊ शकली नाही, घसा बसला होता म्हणतात, आणि साथीदाराला पुढे ढकलण्यात आलं. त्यानं निकोलास गिएनची एक कविता गायली, एमिलिओ ग्रेनेतनं चाल लावलेली. तिच्यात बितो मानुए नावाचा एक काळा तरुण आहे. इंग्रजी येतं म्हणून बढाया मारतो, आणि अमेरिकन बाई मागे लागली की त्याची बोबडी वळते. लोक खुर्च्यांवर लोळून हसले. साथीदार गायक झाला.

रीता पुढे परतली, तो मेक्सिकोतच राहिला. मग क्यूबाचा संगीतकार एर्नेस्तो लेकुओनानं त्याला आपल्या ताफ्यात घेतलं आणि १९३५ च्या सुमारास हवानाच्या रंगमंचावर आणलं. त्यानंतर ब्युनोस आयर्स, न्यूयॉर्क, युरोप, अनेक देश. आणि १९७१ मध्ये पेरूला जाताना तो या शहरात मुक्कामाला थांबला तो कायमचाच. लिमात पेरूची गायिका चाबुका ग्रांदा त्याची वाट पाहत होती, तिच्या 'ला फ्लोर दे ला कानेला'ला त्यानं आपलंसं केलं होतं. तारीख २ ऑक्टोबर. आपल्याला ती गांधी जयंती, मेक्सिकोला १९६८ मधल्या त्लातेलोल्कोच्या विद्यार्थ्यांच्या हत्याकांडाची तारीख. साठी गाठून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मधुमेह आणि दम्यानं आधीच पोखरलेलं शरीर, त्यात हृदय थांबलं.

रविवार, हवाना

विमानात बहुतेक क्यूबन. प्रत्येकाच्या सामानात टायर, पंखे, दूध पावडर, औषधं. जाणाऱ्यांनी आपली औषधं आणि युरोच्या नोटा बरोबरच न्याव्यात, तिथे मिळतील या भरवशावर राहू नये. आम्ही वेदादो भागात एका घरात खोली घेतली होती. भाड्यानं खोल्या देणाऱ्या घरांच्या दारावर निळी, जहाजाच्या उलट्या नांगरासारखी खूण असते. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. मला पाहताच "मी आमोर", म्हणजे माझ्या लाडके, म्हणून दोन्ही गालांवर मुके घेतले आणि लगेच वेळापत्रक सांगितलं: वीज कधी असेल ते सांगता येत नाही, पाणी वीज असेल तेव्हाच चढतं, मेणबत्ती कपाटात.

वीज संध्याकाळीच गेली. इथे याला आपागोन म्हणतात. सगळी गल्ली बाहेर आली, खुर्च्या टाकल्या गेल्या, डॉमिनोच्या सोंगट्या आपटू लागल्या. आम्ही गच्चीवर बसलो आणि मी दादाला 'बेते दे मी' ऐकवलं. हे मुळात क्यूबन नाही, ओमेरो आणि बिर्हिलिओ एक्सपोसितो या अर्जेंटिनाच्या भावांचं गाणं आहे. उतारवयाचा माणूस आपल्यावर जीव लावणाऱ्या तरुण व्यक्तीला सांगतोय, तू जा, माझ्याजवळ आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. हे गाणं पुष्कळांनी गायलं आहे, त्यातल्या कित्येकांचे गळे त्याच्याहून शंभरपट गोड. पण ते सगळे विरहाचं गाणं गातात. बोला त्या व्यक्तीला खरंच दाराबाहेर घालवतो. मधल्या एका ओळीत तो सूर सोडून देतो, शब्द नुसता तोंडातून पडू देतो आणि पियानो ती ओळ पुरी करतो.

आपल्याकडे शब्दप्रधान गायकी म्हणतात ती हीच, असं मी म्हटलं. दादा उसळला. "शब्दप्रधान म्हणजे बेसूर नव्हे. शब्द सुरातच बसायला हवा."

"तो बेसूर नाहीये, दादा. सूर पियानोत आहे. नीट ऐक."

हे मी वादासाठी म्हटलं नव्हतं. बोलाची पियानोवरची तालीम पक्की होती, शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला वादक होता तो. गळा जिथे पोहोचत नाही तिथे डावा हात जातो. गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया त्याच्याबद्दल म्हणाला होता की त्याला ऐकताना शब्द आणि संगीत यांचा जन्म एकत्रच होताना पाहतोय असं वाटतं. दादाला सेगोव्हियाचं नाव ऐकून जरा गप्प बसावं लागलं. पण फक्त जरा.

सोमवार, वेदादो

सकाळी जाग आली ती हाकांनी. खाली एक माणूस सायकलवरून पाव विकत होता, शिट्टी आणि मग लांबवलेलं "पानादेएएरो". त्याच्यामागून दुसरा, सोन्याचा कुठलाही बारीकसा तुकडा विकत घेतो म्हणत. मग फुलंवाली. प्रत्येकाची चाल ठरलेली, पट्टी ठरलेली, आणि आवाज एकाचाही गोड नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचण्यासाठी कमावलेला आवाज. फेरीवाल्यांच्या या हाकेला प्रेगोन म्हणतात, आणि क्यूबन संगीतात तिची वेगळी गाणीच आहेत. 'एल मानिसेरो' त्यातलंच. मोइसेस सिमोन्सनं ते रचलं, रीतानं गायलं, १९३० मध्ये डॉन आस्पियासूच्या वाद्यवृंदानं न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलं आणि मग रुम्बा नावाची साथ जगभर पसरली.

ती आपल्यापर्यंतही आली बरं का. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांच्या हातून लॅटिन ठेका हिंदी सिनेमात शिरला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि त्यांचा सहायक, गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांनी 'अलबेला'त १९५१ मध्ये 'शोला जो भडके' केलं, आणि त्याच सिनेमात चिक चॉकलेटचा ताफा थेट पडद्यावरही आला. भगवानदादांच्या त्या नाचण्यामागे कुठेतरी लांबवर हवानाचा शेंगदाणेवाला उभा आहे. हे ऐकल्यावर दादा पहिल्यांदा खुलला आणि रस्त्यातच ठेका धरायला लागला.

शेंगदाणेवाले अजून आहेत. कागदाच्या अगदी बारीक, लांब सुरळीत भाजलेले दाणे, थेट आपल्या चौपाटीवरच्या खाऱ्या दाण्यांच्या पुडीसारखे, फक्त पुडी पेन्सिलीएवढी सडपातळ.

आणि इथे मला बोलाचं स्वतःबद्दलचं एक जुनं बोलणं आठवलं. त्याला खरं तर ऑपेरा गायचा होता. पण गळा मिळाला पीच आणि आलुबुखार विकणाऱ्याचा, म्हणून आपण पियानोवर बसून आलुबुखारच विकायचे असं मनाशी ठरवलं, असं तो म्हणायचा. मी हे वाचलं होतं तेव्हा मला तो विनय वाटला होता, कलावंत करतात तसला. सकाळच्या त्या हाका ऐकल्यावर वाटलं की हे शब्दशः खरं आहे. तो आवाज फाटका आहे तो रस्त्यावरून वर फेकायचा आवाज आहे म्हणून. त्यानं तो बंद खोलीत आणला, मिशीतल्या मिशीत बोलण्याइतका खाली उतरवला आणि त्यात प्रेमगीतं गायली. हे करायला फार मोठी अक्कल लागते.

संध्याकाळी २१ आणि ओ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. इथे मोन्सेन्योर हे रेस्टॉरंट आहे. १९६५ पासून शेवटपर्यंत बोला इथे रात्री गायचा, लोक या जागेला 'शे बोला' म्हणत, बोलाकडे. त्याचा पियानो अजून आत आहे. आम्ही गेलो तेव्हा कोपरा काळोखात होता, आपागोन. दारातल्या माणसानं खांदे उडवले. समोरच्या ओतेल नासिओनालला मात्र जनरेटर आहे, तेव्हा तिथल्या बागेत जाऊन बसलो.

हे हॉटेल १९३० चं. दोन मनोरे, समुद्राकडे उतरणारी हिरवळ, मोर. १९५० च्या सुमारास जोसेफिन बेकरला ती काळी म्हणून इथे खोली नाकारली होती. क्रांतीपूर्वीच्या हवानातल्या उच्चभ्रू क्लबांची तऱ्हा अशी की खुद्द राष्ट्राध्यक्ष बातिस्ताला मिश्र वंशाचा म्हणून यॉट क्लबनं सभासद करून घेतलं नाही असं सांगतात. या वातावरणात बोला टक्सिडो घालून गायचा, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, कातालान. एदित पियाफ म्हणाली होती म्हणे की 'ला व्ही आँ रोज' त्याच्यासारखं कुणी म्हणत नाही. श्रीमंत गोरा श्रोता काळ्या माणसाकडून हसवून घ्यायला आलेला असायचा. बोला त्याला आधी हसवायचा, डोळे फिरवायचा, बत्तिशी दाखवायचा. 'मेसिए हुलिआन', 'चिवो के रोम्पे ताम्बो', सगळा तमाशा. आणि मग हातोहात एखादा बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, घ्यायचा की हसणाऱ्याला आपण कधी हसायचं थांबलो ते कळू नये. त्या हसण्याला लाचारी म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. दार उघडून घ्यायला जेवढं हसावं लागतं तेवढंच तो हसत होता.

अवघड भाग पुढचा. १९५९ च्या क्रांतीनंतर गायिका सेलिया क्रूस देश सोडून गेली, लेकुओना गेला, गायिका ओल्गा गियोतही गेली. बोला राहिला. क्रांतीच्या बाजूनं उघडपणे उभा राहिला, सरकारनं त्याला आपला सांस्कृतिक दूत म्हणून परदेशी पाठवलं. काळ्या माणसासाठी हॉटेलांची दारं उघडली हे त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं, त्यामुळे त्याची निष्ठा समजू शकते. पण तो समलिंगी होता, हे साऱ्या हवानाला ठाऊक होतं. आणि मोन्सेन्योरमध्ये त्याचा दिवा लागला त्याच १९६५ मध्ये सरकारनं 'उमाप' नावाच्या श्रमछावण्या सुरू केल्या, जिथे समलिंगी पुरुषांना, धर्म पाळणाऱ्यांना धरून ऊस तोडायला पाठवलं जाई. त्या १९६८ पर्यंत चालल्या. बोलाला कुणी हात लावला नाही. त्याच्यासारखे हजारो मात्र पाठवले गेले. तो या कोपऱ्यावर रात्री 'बेते दे मी' गात असताना समोर बसलेल्यांमध्ये कोण कोण असेल, आणि कुणाला ते 'तू जा' कसं ऐकू येत असेल, याचा विचार मी बागेत बराच वेळ करत होते. दादा मोराचे फोटो काढत होता.

मंगळवार

पाऊस. सकाळ पावाच्या रांगेत. रांगेत रांग दिसत नाही, लोक सावलीला कुठेही पसरलेले असतात. येणाऱ्यानं फक्त विचारायचं, "एल उल्तिमो?" शेवटचा कोण? तो हात वर करतो, त्याच्यामागे तुमचा नंबर. दादाला ही पद्धत इतकी आवडली की त्यानं नको असलेल्या दोन रांगांतही हे विचारून घेतलं. दुपारी ट्रोकादेरो रस्त्यावरचं सेव्हिया हॉटेल पाहिलं, जिथल्या कार्यक्रमांसाठी रीतानं बोलाला साथीला घेतलं होतं. लॉबीतल्या निळ्या फरशा सुंदर आहेत, कॉफी महाग. बाकी काही नाही.

बुधवार, रेग्ला आणि ग्वानाबाकोआ

जुन्या हवानाच्या मुएये दे लूस धक्क्यावरून रेग्लाला फेरीबोट जाते. लांचिता म्हणतात तिला. इंधन असेल तर सुटते, म्हणून लवकर गेलो. खाडीपलीकडे उतरल्यावर समोरच पांढरं चर्च, आत रेग्लाची माता. चेहरा काळा, कडेवरचं मूल गोरं. कॅथलिकांची ती मारिया, आणि आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या वंशजांच्या सांतेरिया या पंथात तीच येमाया, समुद्राची देवी, म्हणून सगळीकडे निळा रंग. दारात फुलं, बाहुल्या आणि कवड्या विकणाऱ्या बायका. ७ सप्टेंबरला हिची मिरवणूक निघते. एक म्हातारी नाणी हातात घेऊन समुद्राच्या पाण्याशी गेली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली, नाणी टाकली आणि पाठ फिरवून तरातरा निघून गेली. कौलगाऱ्हाण्याची सवय असलेल्या कोकणातल्या माणसाला इथे परकं वाटण्याचं कारण नाही.

तिथून बसनं ग्वानाबाकोआ. उभ्यानं, घामाघूम, पण अंतर थोडं. १५५४ मध्ये इथे आदिवासींची वसाहत म्हणून हे गाव वसवलं गेलं. झरे आहेत, बाटलीबंद पाणी इथून जाई. आणि १७६२ मध्ये इंग्रजांनी हवानावर हल्ला केला तेव्हा या गावच्या पेपे आंतोनिओनं माणसं जमवून त्यांना झुंज दिली, त्याचं नाव गाव अजून मिरवतं. क्यूबन लोक अशक्य ठिकाणी काही कोंबणाऱ्याला म्हणतात, हा ग्वानाबाकोआत हवाना घालायला निघालाय. गंमत म्हणजे संगीतापुरतं ते खरं झालंय. एर्नेस्तो लेकुओना, १८९५. रीता मोंतानेर, १९००. बोला दे निएवे, ११ सप्टेंबर १९११. तिघंही याच गावचे. सांगलीनं नाटकाला दिलं तेवढंच या गावानं क्यूबाच्या गाण्याला दिलं असं मी दादाला म्हटलं, तर तो म्हणाला, "सांगलीत निदान सावली असते."

सावली खरंच नव्हती. रस्ते चढउताराचे, बैठी घरं, उंच खिडक्यांना गज, रंग उडालेला. बाप दोमिंगो स्वयंपाकी, आई इनेस घरकाम करून नाचायची, गोष्टी सांगायची, सणावाराला रुम्ब्याच्या घोळक्यात पुढे. घरात मुलं पुष्कळ, पैसा नाही. नात्यातल्या एका म्हाताऱ्या आजीनं या पोराला पियानोच्या शिकवणीला घातलं. मग गावच्या कार्राल सिनेमात मूकपटांना तो पियानो वाजवायला लागला. मला वाटतं त्याची खरी शाळा हीच. मूकपटाच्या वादकाला पडद्यावरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत वाजवावं लागतं. तो रडला की इकडे सूर पडला पाहिजे, तो धावला की इकडे बोटं. पुढे आयुष्यभर बोलानं हेच केलं, फक्त पडद्यावरचा माणूसही तोच झाला. कार्यक्रमाच्या चित्रफिती पाहा, तो पियानोकडे बघतच नाही. अंग श्रोत्यांकडे वळलेलं, भुवया, खांदे, ओठ सगळे गात असतात, आणि हात आपले खाली त्या चेहऱ्याला साथ करतायत.

त्याला व्हायचं होतं मास्तर. हवानाच्या अध्यापक विद्यालयात नावही घातलं होतं. पण हुकूमशहा माचादोच्या काळात विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली, शिक्षणसंस्थांना टाळी लागली, आणि पोट भरायला नाइटक्लबात वाजवण्यावाचून इलाज उरला नाही. माचादो १९३३ च्या ऑगस्टमध्ये पळाला. तोवर या मास्तराचा मास्तर व्हायचा रस्ता संपलेला होता.

गावातलं संग्रहालय सांतेरिया, पालो आणि आबाकुआ या आफ्रिकी मुळांच्या परंपरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले ढोल बघताना बोलाचं 'द्रुमी, मोबिला' आठवलं. ही त्याची स्वतःची रचना, काळ्या आयांच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधली अंगाई. घरातली भाषा आहे ती. हवानाच्या रंगभूमीवर हीच भाषा वर्षानुवर्षं हशासाठी वापरली गेली होती, गोरे नट तोंडाला काजळी फासून ती बोलत. रीतासारख्या मिश्र वंशाच्या बाईलाही १९२७ मध्ये 'निन्या रीता'त 'आय, मामा इनेस', आम्ही काळे सगळे कॉफी पितो असं सांगणारं गाणं, म्हणताना चेहरा काळा करून गाडीवान व्हावं लागलं होतं. तेच 'मामा इनेस' पुढे बोलानं गायलं. आणि त्याच्या आईचं नावही इनेस. काजळी न फासता ते गाणं त्याच्या तोंडी आलं तेव्हा त्यातला विदूषक गेला आणि कॉफी पिणारी माणसं उरली, असं मला ऐकताना नेहमी वाटतं. ठरवून केलं असेल की आपोआप झालं असेल, तो चेहरा बघता काही सांगता येत नाही.

शेवटी दफनभूमी. मेक्सिकोहून त्याला परत आणून इथेच पुरलं. फुलवाल्या बाईनं रस्ता दाखवला आणि फुलं घ्यायला लावलीच. तिथे उभं असताना दादानं विचारलं, "बाकीचे दोघं पण इथेच का?"

नाहीत. लेकुओना १९६० मध्ये देश सोडून गेला, १९६३ मध्ये तेनेरिफेत वारला, आणि क्यूबा मोकळा होईपर्यंत मला तिथे नेऊ नका असं लिहून ठेवलं. त्याचं थडगं न्यूयॉर्क राज्यात आहे. रीता हवानाच्या कोलोन दफनभूमीत. १७ एप्रिल १९५८ ला ती घशाच्या कर्करोगानं गेली. गावात परत आला तो एकटा बोला.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घशाचा? रीताला?"

गुरुवार

विमान दुपारचं होतं. दादा सकाळी सहालाच तयार होऊन बसला. त्याला कोलोनला जायचं होतं, रीताकडे. "तुझ्या माणसाकडे आलो ना मी? आता माझ्याकडे चल."

कोलोन दफनभूमी म्हणजे संगमरवराचं शहर, पन्नासाहून जास्त हेक्टर. सर्वांत जास्त गर्दी ला मिलाग्रोसाच्या, म्हणजे चमत्कार करणाऱ्या बाईच्या, थडग्याशी. बायका थडग्यावरची कडी वाजवतात, मागणं मागतात आणि पाठ न दाखवता उलट्या पावली निघतात. रीताची जागा विचारत विचारत अर्धा तास गेला. दादानं फुलं ठेवली, फोनवर 'एल मानिसेरो' लावलं. ऐकल्यावर मला कबूल करावंच लागलं की तो गळा विलक्षण आहे. शेवटची लांबवलेली हाक ती अशी वर नेते की फेरीवाला थेट ढगात जातो. "याला म्हणतात गाणं," दादा म्हणाला. "त्यानं हिच्यामागे बसून वाजवायला हवं होतं. बस्स."

"मग 'बेते दे मी' कोण म्हणणार होतं?"

"कुणीही म्हणो. जिचा गळा तिचं गाणं."

विमानतळाची टॅक्सी म्हणजे पन्नासच्या दशकातली शेवरोले, इंजिन बहुधा दुसऱ्याच कशाचं तरी. वाद गाडीतही चालू राहिला, मराठीत, पण रीता आणि बोला ही नावं चालकाला कळत होती. शेवटी दादानं त्यालाच पंच केलं आणि स्पॅनिशमध्ये प्रश्न नीट समजावून सांगितला: एकीकडे गळा, दुसरीकडे शब्द, मोठं कोण?

चालकानं सिगारेट खिडकीबाहेर झटकली, आरशातून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तिसऱ्याच क्यूबन गायकाचं नाव घेतलं, "बेनी मोरे."